समुद्राचा चार्ज

तलावात गाळ साचतो तसे ऑफिसात किस्से साचतात. फरक एवढाच, की गाळ काढायला टेंडर काढावं लागतं आणि किस्से काढायला एक कप चहा पुरतो. आमचं ऑफिस तिरोड्याचं, पाटबंधाऱ्याचं. मी तिथे क्लार्क. चहाची किटली माझ्याच टेबलावर यायची, म्हणून सगळ्यांचे किस्सेही माझ्याकडेच जमा झाले. बाकीचे राहू द्या, आज फक्त रत्नागिरीचे सांगते. पण आधी आमचा एक शब्द समजून घ्या, नाहीतर नुसते माझ्या तोंडाकडे पाहत बसाल.

शब्द आहे 'चार्ज'. आमच्याकडे प्रत्येक वस्तू कोणाच्या ना कोणाच्या चार्जमध्ये असते. गेट, चाबी, मोटारसायकल, टेबलफॅन, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ बंद पडलं तर का पडलं हे कोणी विचारत नाही, चार्ज कोणाकडे आहे ते विचारतात. माझं लग्न ठरलं तेव्हा आमचे कॅशियर तिवारी बाबू म्हणाले, "मॅडम, अब किचन का चार्ज कौन लेगा?" तिवारी बाबू खास गोंदिया शहरातले, मराठी फक्त राग आला की बोलायचे. मी म्हटलं, "ज्याला भूक लागेल तो घेईल." त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा अदबीनं वागू लागले.

*

आता कटरे काका. बोदलकशाच्या तलावावर गेट ऑपरेटर. क्वार्टर तलावाच्या पाळीखालीच, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. गेटच्या खोलीची चाबी कमरेच्या करदोड्याला बांधलेली, ती आंघोळीतही सुटायची नाही. मुलीचा साखरपुडा चालू होता, पाहुणे पाटावर बसलेले, आणि आभाळ भरून आलं. काका उठले ते सरळ गेटवर. तासाभरानं ओलेचिंब परत आले आणि व्याह्यांना म्हणाले, "काही नाही जी, अजून दोन बोटं बाकी हाये. चालू द्या."

व्याही घाबरले, पण खालच्या गावातले लोक नाही घाबरायचे. कितीही पाऊस पडो, ते बिनघोर असायचे. विचारलं तर म्हणायचे, "कटरे हाये ना तिथं." एका माणसाच्या नावावर अख्खी गावं निवांत राहतात, ही काय साधी गोष्ट आहे? मला त्या माणसाचं फार कौतुक होतं आणि अजून आहे, हे आधीच सांगून टाकते.

कौतुक नव्हतं ते शेवंताकाकूंना. म्हणजे होतंही, पण त्यांचा हिशेब वेगळा होता. "गावाले झोप भेटते, मले मानूस नाही भेटत," असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन पाळीखाली राहायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, संध्याकाळी दोघं पाळीवर जाऊन बसू, पाणी पाहू. मुली मोठ्या झाल्या, नातवंडं झाली, पण ते बसणं काही झालं नाही. काका पाण्याकडे पाहायचे, पण उभ्यानं आणि ड्युटीवर.

*

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. धान कापून झाले होते आणि उन्हाळी धानाला पाणी सोडायला वेळ होता, म्हणजे आमच्यासाठी वर्षातले तेवढेच मोकळे दिवस. बोरकर साहेबांनी टूर काढली. साहेब नागपूरचे, पण त्यांचं पहिलं पोस्टिंग कोकणातलं. ते म्हणाले, "रत्नागिरीला जाऊ. देऊळ, किल्ला, समुद्र, सगळं एका जागी आहे. बंदराचं जुनं शहर आहे." सगळे तयार. कटरे काका म्हणाले, "मी नाही येत. गेट कोन पाहील?" साहेब म्हणाले, "गेट बंद आहे." काका म्हणाले, "बंद गेटाले तं जास्त पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू स्वतः ऑफिसात आल्या. पदर खोचलेला, सरळ साहेबांच्या टेबलापाशी.

"साहेब, मी तिकडं देव पाहाले नाही येऊन राह्यली. ह्या मानसानं एक डाव, फक्त एक डाव, पान्याजवळ माह्यासंगं रिकामं बसलं पायजे. हातात काम नको, तोंडात गेट नको. मार्चमंधी हे रिटायर होऊन राह्यले. माह्या बापाले बी रिकामं बसता येत नव्हतं. रेल्वेतून रिटायर झाला अन् वर्षाच्या आत गेला. मले भेव लागते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही तयारी करा." मग काकांच्या जागी एक बदलीवाला लावला गेला, डुप्लिकेट चाबी त्याला दिली गेली आणि काका निघाले. ओरिजिनल चाबी अर्थातच करदोड्याला.

*

कोल्हापूरची गाडी आमच्या गोंदियाहूनच सुटते, म्हणून जागेचं भांडण नव्हतं. काकांना खिडकी मिळाली. काकूंनी मुद्दामच दिली, म्हणाल्या, "बसून पाहाची सवय होऊ द्या."

तुमसरच्या आधी वैनगंगा लागली. काका उभे राहिले, दारात गेले, वाकून पाणी पाहून आले. "ठीक हाये." वर्धा नदी आली, पुन्हा उठले. "कमी हाये." मग प्रत्येक नदीला तेच. रात्री गोदावरी आली तेव्हा काका चपला शोधू लागले. तिवारी बाबू वरच्या बर्थवरून म्हणाले, "काका, बैठे रहो. ये गोदावरी आपके चार्ज में नहीं है."

काका म्हणाले, "पाहाले काय जाते?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि लाडवाचा डबा उघडला. कोल्हापूरला उतरेपर्यंत काका किती बसले हे मी सांगू शकत नाही, पण उभे भरपूर राहिले.

*

कोल्हापूरहून एसटीनं रत्नागिरी गाठली आणि सकाळी समुद्र पाहिला. आम्ही तलावाच्या जिल्ह्यातली माणसं, पाण्याचं आम्हाला काय अप्रूप, असं वाटलं होतं. पण पलीकडचा काठच दिसेना. माझे तर डोळे भरून आले, उगीच खोटं कशाला बोलू. पाणी अगदी बांधापर्यंत चढलेलं होतं. काकांनी डोळ्यावर हात धरून डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "फुल हाये."

मग आम्ही जेवायला गेलो. तिवारी बाबू शाकाहारी, त्यांच्यापुढे सोलकढी आली. गुलाबी रंग पाहून त्यांनी खुशीत मोठा घोट घेतला, बराच वेळ तोंड मिटून बसले आणि मग वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "बहनजी, ये लस्सी नाराज है क्या?" पण नंतर तीन वाट्या प्यायले. आम्ही मासळी मागवली. बोदलकशाची मासळी खाऊन वाढलेली माणसं आम्ही, पण पहिल्या घासालाच सगळ्यांनी ताटं जवळ ओढली. काकू म्हणाल्या, "मिठातच राह्यली नं जिंदगीभर, म्हनून चव हाये."

जेवून परत काठावर आलो. काकूंनी सकाळीच जागा हेरून ठेवली होती. त्या चटई अंथरायला लागल्या आणि काका एकदम ओरडले, "कोनी सोडलं?"

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब. सकाळी जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू आणि खेकड्यांची बिळं. काकांच्या कपाळावर घाम. धोतराचा सोगा धरून निघाले, जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोकणी बाबांना गाठलं. "गेट कुठं हाये जी?"

"कसला गेट?"

"पानी सोडलं ना कोनीतरी. चार-पाच घंट्यात एवढं पानी गेलं."

बाबांनी काकांना वरून खाली न्याहाळलं. "पावणे, ओहोटी हाय ती. याला गेट नाय. चंद्र ओढतो पाण्याला."

काकांनी शाळेत हे वाचलं असणारच, आपण सगळ्यांनीच वाचलंय. पण वाचलेलं पाणी वेगळं आणि डोळ्यादेखत गेलेलं वेगळं. ते जरा विचार करून म्हणाले, "मंग चंद्राची ड्युटी कितीपर्यंत असते?"

बाबांनी तोंडातली बिडी काढली. "ते मी कधी इचारलं नाय."

साहेबांनी मग भरती-ओहोटी नीट समजावून सांगितली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे रोज दोनदा भरते, दोनदा खाली होते. अन् कोनाची सही नाही?" साहेब म्हणाले, "नाही." त्यावर काका काठाकाठानं चालत लांब गेले, ओल्या वाळूवरची पाण्याची खूण पाहत. काकू चटईवर एकट्याच बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी चटई गुंडाळली.

*

दुसऱ्या दिवशी किल्ला. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत देवीचं देऊळ. मी देवळात जात नाही, आमच्या घरी ती रीत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. मी बाहेर झाडाच्या सावलीत बसले. तिवारी बाबूंनी आपल्या चपला माझ्यासमोर ठेवल्या, मागोमाग सगळ्यांनी ठेवल्या. "मॅडम, टूर खतम होने तक चप्पलों का चार्ज आपके पास." मी म्हटलं, "घेतला." काकांनी आपल्या चपला ठेवताना मला बजावलं, "ध्यान ठेवजा. नव्या हायेत." खरंच नव्या होत्या, टूरसाठी घेतलेल्या, करकर वाजायच्या.

आत काय झालं ते मला दारातून दिसत होतं, ऐकूही येत होतं. गुरवानं काकूंना विचारलं, "गाऱ्हाणं घालायचंय का?"

तिकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मागणं मांडणं. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे सरळ तक्रार. काकूंना वाटलं, ही तर मोठी सोय आहे. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सुरू झाल्या. साखरपुड्यापासून गोदावरीपर्यंत सगळं सांगितलं. काका बाजूलाच उभे, हात जोडलेले, जाणार कुठे?

गुरव बिचारा सज्जन माणूस. हसला नाही की थांबवलं नाही. सगळं ऐकून त्यानं देवीकडे तोंड केलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "आई, ही माउली लांबून तुझ्या पायाशी आली हाय. हिचा धनी पाण्याशेजारी बसत नाय. त्याची काळजी तू घे आणि त्याला हिच्याजवळ बसव, गे माये!"

सगळ्यांनी म्हणायचं असतं, "होय महाराजा." आमचं अख्खं ऑफिस म्हणालं. साहेबही म्हणाले. मी बाहेर होते, पण माझ्याही तोंडून निघून गेलं.

काका बाहेर आले ते कानापर्यंत लाल. चपला घालताना मला म्हणाले, "हिनं वर रिपोर्ट केला."

*

तिथून तटावर गेलो. लाटा येऊन दगडावर फुटत होत्या, तोंडावर तुषार येत होते. सगळे फोटो काढत होते. काका तटाला हात लावून चालले होते, मध्येच वाकून खाली पाहायचे. मला वाटलं, आता इथेही ड्युटी लागली. पण परत आले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"साहेब, काय दगडाची पिचिंग केली हाये! आपली दगडं तीन पावसात सरकते. ही समुद्राचा मार खाऊन राह्यली अन् हलून नाही राह्यली. कोनी केलं हे काम?"

साहेब म्हणाले, "त्या वेळच्या राजांनी."

काकांनी तटाच्या दगडावरून हात फिरवला. "मंग सोता उभे राह्यले असतीन साइटवर," ते म्हणाले, आणि त्यांनी तटाला हात जोडले. देवीलाही जोडले होते, पण मला वाटतं हे जास्त मनापासून होते.

संध्याकाळी ते एसटीडी बूथमध्ये शिरले. रोजच शिरायचे. तिकडून बदलीवाला ओरडून सांगायचा, ते आम्हाला काचेबाहेर ऐकू यायचं. "बंद हाये काका! काल बी बंद होता, आज बी बंद हाये!" काकू माझ्या शेजारी उभ्या. "मी बाळंतपनाले माहेरी होती," त्या म्हणाल्या, "तवा बी ह्यानं एवढी चौकशी नाही केली." रागानं म्हणाल्या असत्या तर मी हसले असते. त्या हळूच म्हणाल्या, म्हणून हसू आलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा पाहिला. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं, तो मरेपर्यंत. तो बुद्धाच्या देशातला राजा, म्हणून मला ती जागा पाहायचीच होती. इतक्या लांब परक्या मुलखात त्यानं त्रिशरण कसं म्हटलं असेल, कोणाबरोबर म्हटलं असेल, असं मनात येत होतं. मी एका कोपऱ्यात हात जोडून उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणून घेतलं. डोळे उघडले तर बाजूला शेवंताकाकू, त्याही हात जोडून. त्या म्हणाल्या, "तुह्यासंगं उभी राह्यली, बस."

वरच्या सज्जातून खाली खाडी दिसते, पुढे समुद्र. काका तिथे उभे होते.

"साहेब, इथं ह्याच्याकडं कशाचा चार्ज होता?"

"कशाचाच नाही, काका. राज्यच गेलं. बसायचं आणि पाणी पाहायचं."

"रोज?"

"रोज."

काकांचा हात कमरेच्या चाबीवर गेला. "म्हंजे सजाच होय नं," ते म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं, की हा माणूस बसत का नाही. मलाही तेव्हाच कळलं. ज्या गोष्टीची काकूंनी जन्मभर वाट पाहिली, ती काकांना शिक्षा वाटत होती, आणि मार्च जवळ आला होता. वाड्याच्या पायऱ्या उतरताना काकू पुढे निघून गेल्या, काका मागे राहिले. तिवारी बाबूंनी त्या दिवशी एकसुद्धा विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

*

शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी होती. आम्ही सगळे भेळेच्या गाडीपाशी उभे होतो, आणि खरं सांगते, कोणाचंही लक्ष भेळेत नव्हतं.

काकू वाळूत बसल्या होत्या. चटई आणलीच नव्हती. काका त्यांच्यापासून चार हातांवर उभे, करकरत्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या, हात मागे बांधलेले. भरती चढत होती. ते डावीकडे पाहायचे, उजवीकडे पाहायचे, काहीतरी करायला सापडतं का बघायचे.

"अजी," काकू म्हणाल्या.

"काय?"

"हे पानी कोनाच्या चार्जमंधी हाये?"

काकांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. ऑफिसचा प्रश्न होता, उत्तर बरोबर द्यायला हवं होतं. त्यांनी पार बंदरापासून किल्ल्याच्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"कोनाच्याच नाही."

"मंग बसा."

काका उभेच राहिले. साहेबांच्या हातातली भेळ मऊ पडली. मग काकांनी एकदा मागे वळून पाहिलं, कोणी बोलावतंय का ते. कोणी बोलावलं नाही. ते वाकले, एक हात वाळूवर टेकला आणि काकूंच्या बाजूला बसले.

कितीतरी वेळ दोघं तसेच. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, बहुतेक काहीच बोलत नव्हते. पाणी वर येत राहिलं. एक लाट दोघांच्या पायांपर्यंत आली आणि परत जाताना काकांच्या नव्या चपला घेऊन निघाली. एक पुढे, एक मागे.

तिवारी बाबूंना राहवलं नाही. राग आला की काय कोण जाणे, चक्क मराठीत ओरडले, "अहो काका, चपला! चपला चालल्या तुमच्या!"

काकांनी मान वळवली नाही.

"त्या मॅडमच्या चार्जमंधी हायेत."